पहिला कागद कोणाच्या हातचा?

मी मुंबईच्या गोदीत काम करतो. ठेकेदाराच्या टोळीत. दहावी पास. कविता लिहितो. अशा माणसानं कोर्टकचेरीवर लिहायचं म्हणजे हमालानं वकिलाचा कोट घालायचा, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. वकिलांनी आजवर आपल्याला पेशीची तारीख सांगितली. केस सुरू कशी होते ते सांगितलं नाही. ते मला लाथ खाऊन कळलं, म्हणून मी सांगतो.

मी नांदगाव खंडेश्वरचा. अमरावती जिल्हा. खंडेश्वराचं हेमाडपंती देऊळ, चहूकडे कपाशी, सोयाबीन, तूर, आणि आता तालुक्यातून सुसाट गेलेला समृद्धी महामार्ग. तालुक्याचं गाव, म्हणून कोर्टही आहे. लहानपणी त्या आवाराकडे बघत जायचो. काळे कोट, झाडाखाली बसलेल्या बाया, त्यांच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. शिपाई दारात येऊन नाव पुकारायचा आणि एखादा म्हातारा घाईनं चप्पल बाहेर काढून आत जायचा. मला वाटायचं, पुकारा झाला म्हणजे केस सुरू झाली.

सपशेल खोटं. पुकारा होतो तेव्हा केस अर्धी संपलेली असते.

केस सुरू होते ठाण्यातल्या टेबलावर. रात्री. ज्याचं अंग ठणकतंय तो उभा असतो. ज्याच्या हातात पेन आहे तो बसलेला असतो. त्या पेनातून जे उतरेल तेच पुढं अमरावतीच्या सेशन कोर्टात, नागपूरच्या खंडपीठात, दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात तुमचं सत्य म्हणून वाचलं जाणार. जे उतरलं नाही, ते घडलंच नाही.

गोदीत ही गोष्ट शेंबडं पोरही जाणतं. जहाजातून माल उतरतो तेव्हा टॅली क्लार्क वही घेऊन उभा असतो. एक खेप, एक रेघ. तुम्ही दिवसभर पाठ मोडून शंभर पोती उतरवा. त्याच्या वहीत नव्वद असतील तर नव्वदच. उरलेली दहा समुद्रात गेली, की तुम्ही चोरली, की ती जहाजात नव्हतीच, यावर भांडत बसा. रेघ नाही तर पोतं नाही. म्हणून टोळीतला जुना माणूस नवीन पोराला पहिल्या दिवशी एकच सांगतो : वजनाकडं नंतर बघ, आधी वहीकडं बघ.

हे मला रोजीनं शिकवलं. तरी त्या रात्री मी वहीकडं बघितलं नाही.

सहा वर्षं झाली. मामाचं गाव. जिल्ह्याचं नाव, ठाण्याचं नाव लिहीत नाही. तुमच्या ओळखीचं कुठलंही नाव टाका, बसेल. पोळ्याचा दिवस. मी सुट्टीवर गेलेलो. मामाची बैलजोडी तोरणाखालून दोन पावलं पुढं निघाली. मान कोणाचा? गावचे मानकरी ठरलेले. साऱ्या गावादेखत मामाला जातीवरून शिव्या घातल्या. तुतारीच्या दांड्यानं हाणलं. डावा हात मनगटाच्या वर मोडला. बैलं बिथरून पळाली. शंभर माणसं बघत होती. पोळा पुढं सरकला.

रात्री ठाण्यात गेलो. मामा, मामी, मी.

"काय झालं बे?"

"साहेब, मले मारलं. लय मारलं. जातीवरून शिव्या देल्या."

"पिऊन होता काय?"

"नाही साहेब. पोळ्याचं पूजन केलं होतं मी."

साहेब लिहीत गेले. पाच मिनिटांत कागद तयार. "आंगठा लाव. घरी जाय. सकाळी येजो." मामाचा उजवा अंगठा शाबूत होता. लावला. मी बाजूला उभा होतो. दहावी पास. सतरा मासिकांत कविता छापून आलेला. मी तो कागद हातात घेऊन वाचला नाही. मला वाटलं, साहेबांनी लिहिलंय म्हणजे लिहिलंय.

काय लिहिलं होतं? "शेतीच्या जुन्या वादातून थापडबुक्क्यांनी मारहाण करून शिवीगाळ केली व पाहून घेण्याची धमकी दिली. हातास मुका मार."

आता हे एकेक शब्द तपासा. यातच सगळं राजकारण आहे. दांडा कुठं गेला? थापडबुक्क्या झाल्या. मोडलेलं हाड कुठं गेलं? मुका मार झाला. जात कुठं गेली? शेतीचा जुना वाद झाला. मामाकडं स्वतःची शेतीच नाही, बटईनं करतो. वाद कशाचा?

शब्द बदलला की कलम बदलतं. कलम बदललं की दार बदलतं. हाड मोडणं ही कायद्यात जबर दुखापत. तो दखलपात्र गुन्हा. म्हणजे पोलिसानं स्वतःहून तपास करायचा. मुका मार ही साधी दुखापत. ती अदखलपात्र. म्हणजे एन.सी. एन.सी. झाली की न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय पोलिसाला तपासाचा अधिकार नाही. तुमच्या हातात एक नंबर देतात आणि "कोर्टात दाद मागा" म्हणतात. मामाच्या हाताला प्लास्टर, आणि सरकारी वहीत मुका मार! ही एन.सी. म्हणजे आमच्या लोकांसाठी खोदलेला आड आहे. अर्ध्या महाराष्ट्राचं रडणं त्यात बुडालेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर आमच्यावरच गुन्हा. आम्ही पाच जणांनी समोरच्याच्या घरात घुसून मारहाण केली, ऐवज नेला. पाच जण का? कारण चौघं असले तर जबरी चोरी, पाच झाले की दरोडा. आम्हाला गणित येत नाही, त्यांना येतं. त्या पाचांत माझं नाव होतं. आमची एन.सी., त्यांची एफ.आय.आर. एकाच टेबलावर, एकाच पेनानं.

तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावाला जाऊन वरिष्ठांच्या दारात बसलो, तेव्हा आमचा गुन्हा नोंदला. ॲट्रॉसिटीचं कलम आलं ते आणखी नंतर, पुरवणी जबाबातून. पाच वर्षं पेश्या. मामाची मजुरी बुडायची, माझी पाळी बुडायची. एक साक्षीदार फितूर, दुसरा गाव सोडून पुण्याला. आणि शेवटी मामा पिंजऱ्यात उभा.

आरोपीच्या वकिलानं तीनच प्रश्न विचारले. पहिल्या कागदावर अंगठा तुमचाच का? त्यात जातीवरून शिवी दिल्याचं आहे का? तिसऱ्या दिवसापर्यंत उशीर का झाला? मामा म्हणाला, "मी सांगतलं होतं साहेब. त्याहीनं लिवलं नाही." वकील हसला. संशयाचा फायदा. सगळे सुटले.

बाहेर आल्यावर मामा मला म्हणाला, "बाप्पा, तू त शिकला हायेस ना. वाचून पाह्यलं काहून नाही?"

दोस्तांनो, या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. मामाच्या मोडलेल्या हातावर मी कविता केली होती. ती मी दादरला वाचली. टाळ्या पडल्या. टाळ्यांची नोंद कुठल्याच ठाण्यात होत नाही.

कायदा काय म्हणतो? पहिली खबर हा स्वतःहून पुरावा नव्हे, असं कायद्याची पुस्तकं म्हणतात. पण तिच्याशी ताडूनच साक्षीदाराला खोटं ठरवतात. म्हणजे ती तुमच्या बाजूनं पुरावा नाही, तुमच्यावर उलटवायला मात्र शस्त्र. हे एकदा डोक्यात खिळ्यासारखं ठोकून घ्या.

ही सारी यंत्रणा गोऱ्यांनी बसवलेली. १८५७ नंतर हादरलेल्या राज्यानं १८६० साली दंड संहिता दिली, १८६१ साली फौजदारी प्रक्रियेची संहिता आणि पोलीस कायदा. मग १८९८ ची संहिता. मग स्वतंत्र भारताची १९७३ ची. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. पूर्वी पहिल्या खबरीचं कलम १५४ होतं, आता १७३ आहे. आकडा बदलला. टेबल तेच. उभं कोण, बसलेलं कोण, तेही तेच.

ज्या विलायतेतून हे आलं तिथं फौजदारी खटल्याची सुरुवात कशी होते? लहान चोरी असो की खून, प्रत्येक खटला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटच्या खालच्या कोर्टात उभा राहतो. तिथले बहुतेक मॅजिस्ट्रेट बिनपगारी सामान्य नागरिक असतात, वकील नसतात. गंभीर खटला तिथून वरच्या क्राउन कोर्टात जातो. सामान्य माणूसही खालच्या कोर्टात माहिती देऊन स्वतः खटला सुरू करू शकतो. किती छान! पण २२ एप्रिल १९९३ ला लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स नावाचा अठरा वर्षांचा काळा पोरगा बसची वाट पाहत होता. गोऱ्या टोळक्यानं त्याला भोसकून मारलं. सोबतच्या काळ्या मित्राला पोलिसांनी साक्षीदारासारखं नाही, संशयितासारखं वागवलं. नावं कळूनही पहिली अटक व्हायला दोन आठवडे गेले. सरकारी वकिलांनी खटला सोडला. आईबापांनी स्वतः खटला उभा केला, तो १९९६ ला कोसळला. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालानं लिहून दिलं की लंडनच्या पोलिसांत संस्थेच्या हाडीमाशीच वर्णद्वेष आहे. दोघांना शिक्षा झाली ती जानेवारी २०१२ मध्ये. पहिल्या तासांचा हलगर्जीपणा आणि अठरा वर्षांची किंमत. तिथं कातडीचा रंग, इथं आडनाव. टेबल सगळीकडं एकच भाषा बोलतं.

आता आपल्या वऱ्हाडात या. १९७४. अकोला जिल्ह्यातलं ढाकळी. गवई बंधूंचे डोळे काढले. न्याय मागितला म्हणून. बोट होतं गावच्या पोलीस पाटलाच्या घराकडं. म्हणजे खबर ज्यानं पुढं पोचवायची तोच! खटल्याचं पहिलं दारच आरोपीच्या वाड्यात. पँथरच्या पोरांनी त्या आंधळ्या केलेल्या भावांना थेट इंदिरा गांधींपुढं उभं केलं, तेव्हा देशाला दिसलं. डोळे गमावलेल्यांना स्वतःच पुरावा होऊन चालत जावं लागलं.

२००६. भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी. सुरेखा भोतमांगे एका मारहाणीच्या प्रकरणात साक्षीदार झाली. खटल्याच्या सुरुवातीला मदत केली, एवढाच तिचा गुन्हा. २९ सप्टेंबरला आरोपी जामिनावर सुटून आले, आणि सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर यांना संपवलं. २००८ ला भंडाऱ्याच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० ला नागपूर खंडपीठानं फाशीची पंचवीस वर्षं केली. शिक्षा झाली. पण ॲट्रॉसिटीचं कलम दोन्ही ठिकाणी लागलं नाही. सूड म्हणाले. चार मुडदे पडले आणि जात मात्र निर्दोष सुटली! भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये गेले. त्यांच्या जिवंतपणी कागदावर ती जात उतरलीच नाही.

आणि ज्यांना वाटतं हा खेड्यातल्या जमादाराचा खोडसाळपणा आहे, त्यांनी २०१८ आठवावं. कराडच्या सरकारी महाविद्यालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या तक्रारीवरून निघालेलं प्रकरण. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करता येईल, अटकेआधी मंजुरी हवी. तारीख पाहा : २० मार्च. चवदार तळ्याची तारीख! म्हणजे भांडण शिक्षेचं नव्हतंच. भांडण होतं केस सुरू होण्याचं. दार उघडायचं की आधी खिडकीतून चौकशी करायची, एवढंच. २ एप्रिलला भारत बंद झाला. आपली माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेला कलम १८अ घालावं लागलं : गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशी लागणार नाही, अटकेला मंजुरी लागणार नाही. २०१९ ला न्यायालयानं आपले निर्देश मागं घेतले, १० फेब्रुवारी २०२० ला १८अ कायम केलं. रस्त्यावर रक्त सांडून आपण काय कमावलं? पहिला कागद. फक्त पहिला कागद लिहून घेण्याचा हक्क.

मग तो हक्क वापरतं कोण?

इथं माझं भांडण आपल्याच लोकांशी आहे. शहरातल्या पोरांशी, माझ्याशी. अत्याचार झाला की आपण कधी पोचतो? तिसऱ्या दिवशी. निळा झेंडा, कॅमेरा, घोषणा, निवेदन. निवेदनाची भाषा जळजळीत. पण तोवर टेबलावरचा कागद वाळलेला असतो. पहिल्या तासात तिथं कोण असतं? एकटी बाई. एकटा म्हातारा. आणि गावचा एखादा पुढारी, जो कानात सांगतो, "मिटवून घ्या."

बाबासाहेब बॅरिस्टर होते म्हणून आपण त्यांच्या कोटाचे फोटो लावतो. २० मार्च १९२७ ला महाडात आपल्या माणसांवर हल्ला झाला. पेटलेले हजारो लोक हुकमाची वाट बघत होते. बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं. हल्लेखोरांवर खटला उभा राहिला आणि काहींना सक्तमजुरी झाली. तळ्यावर पाणी प्यायला धैर्य लागलं. फिर्याद नीट उभी करायलाही तेवढंच धैर्य लागलं. आपण पहिलं पोस्टरवर लावतो, दुसरं विसरतो.

कोणी म्हणेल, हा कोर्टाचा भाट झाला. ब्राह्मणी व्यवस्थेच्या कोर्टात न्याय मिळतो काय? गड्या, मला माहीत आहे काय मिळतं. माझा मामा हरला आहे. पण व्यवस्था सडलेली आहे म्हणून कागद न वाचता अंगठा लावणं ही क्रांती नव्हे. मुकादम चोर आहे हे माहीत असलेला माणूस टॅलीवर दुप्पट नजर ठेवतो.

तर आता घोकून ठेवा. कवितेसारखं पाठ करा.

दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की ती नोंदवणं पोलिसाला बंधनकारक आहे. १२ नोव्हेंबर २०१३, ललिता कुमारी प्रकरण, सर्वोच्च न्यायालयाचं पाच न्यायाधीशांचं घटनापीठ. नव्या संहितेनं तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवस प्राथमिक चौकशीची वाट ठेवली आहे, तीही उपअधीक्षकाच्या परवानगीनं. ते चौदा दिवस ॲट्रॉसिटीत तुमच्यापुढं टाकले तर त्यांच्यापुढं १८अ टाका.

"आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर मेलं आहे. कुठल्याही ठाण्यात खबर देता येते. ते शून्य नंबरानं नोंदवून पुढं पाठवतील. फोनवरून, इलेक्ट्रॉनिक मार्गानंही खबर देता येते. तीन दिवसांत जाऊन सही करायची.

सांगितलेली खबर लिहून झाली की सहीआधी वाचून दाखवणं हे ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ नं कर्तव्य केलेलं आहे. प्रत फुकट मिळते. जो लोकसेवक आपल्या समाजाचा नाही आणि जाणूनबुजून हे टाळतो, त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या माणसाला करता येत नाही.

ठाण्यानं नाकारलं तर लेखी खबर टपालानं पोलीस अधीक्षकाला. तिथंही नाही तर तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडं अर्ज, तो तपासाचा हुकूम देऊ शकतो. ॲट्रॉसिटीच्या विशेष न्यायालयाला थेट दखल घेता येते. म्हणजे ठाणं हे एकमेव दार नाही. पोचपावती जपा, शिक्का मागा.

आणि कागदात काय हवं? शिवी जशीच्या तशी, लाज न बाळगता. जातीचा उल्लेख. ती चार माणसांदेखत दिली हे, त्यांच्या नावांसकट, कारण लोकांच्या नजरेसमोर झालेला अपमान हाच त्या कलमाचा कणा आहे. चार भिंतींच्या आत, कोणी नसताना दिलेली शिवी त्या कलमात बसत नाही, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं आहे. कशानं मारलं, कुठं लागलं. दवाखान्याची यादी त्याच रात्री. उशीर झाला असेल तर तो का झाला, हे त्याच कागदात.

प्रत्येक वस्तीत दोन पोरं, दोन पोरी अशी पाहिजेत, ज्यांना मध्यरात्री उठवलं तर हे सांगता येईल आणि टेबलापुढं पाय न लटपटता म्हणता येईल : साहेब, वाचून दाखवा. "मुका मार" खोडा. हाड मोडलंय.

मागच्या महिन्यात रात्री अकराला नांदगावच्या आमच्या वस्तीतून फोन आला. बारावीतला पोरगा. भांडण झालं होतं, तो त्याच्या काकूसोबत ठाण्याच्या दारात उभा. "दादा, साहेब म्हणतात सही करा. करू काय?"

मी पाळीवरून आलेलो. हाताला पोलादाचा गंज. मी म्हणालो, "कागद हातात घे. बैस. आणि पहिल्या ओळीपासून मले वाचून दाखव."

तो वाचायला लागला. तिसऱ्या ओळीत थांबला. म्हणाला, "दादा, काकूनं सांगतलं ते याच्यात नाही."

"मंग सही नाही," मी म्हटलं. "साहेबाले म्हन, पुन्हा लिहा."

त्यांनी पुन्हा लिहिलं.